‘आंघोळ केलीस का?’ हा मेसेज जपून ठेवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा 25 वर्षांचा आहे, बावीसाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, गणितात मास्टर्स केलंय. आठवड्यातून तीन दिवस एका कंपनीत डेटाचं काम करतो आणि लंडनजवळ तुमच्याच घरी राहतो. पिपचा, म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट या अपंगत्वाच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज डीडब्ल्यूपीने (ब्रिटनच्या काम आणि पेन्शन खात्याने) नाकारला. डेली लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांत, 4 गुण मिळाले, मोबिलिटीत, म्हणजे जाण्यायेण्यात, शून्य. पत्रावरच्या तारखेला तीन आठवडे झालेत. कारणं दिलीत ती अशी की मास्टर्स पूर्ण केलंय, एकटा बसने कामावर जातो आणि फोनवरच्या मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाचं स्पष्ट उत्तर दिलं. ‘वर्षभराने नवीन अर्ज करा’ असं कुणीतरी सुचवलंय आणि तुम्ही विचारताय की अपील करण्यात अर्थ आहे का.

आहे. नवीन अर्जाचा सल्ला बाजूला ठेवा. अपील जिंकलात तर पैसे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून मिळतात. नवा अर्ज केला की मधले सगळे महिने गेले, आणि पुन्हा तोच फॉर्म, तोच फोन. काही लोकांना कमी दराने पिप मंजूर झालेलं असतं. त्यांनी अपील करताना दहा वेळा विचार करावा, कारण ट्रायब्युनल, म्हणजे अपील ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण, मिळालेलंही कमी करू शकतं. तुम्हाला काहीच मिळालेलं नाही, तेव्हा गमावण्यासारखंही काही नाही. ट्रायब्युनलच्या सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या प्रकरणांत साधारण तीनपैकी दोन निकाल गेली काही वर्षं अर्जदाराच्या बाजूने लागताहेत.

आधी तारखेचं बघा, कारण हाताशी आठवडाच आहे. इथे थेट अपील करता येत नाही. आधी मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे डीडब्ल्यूपीलाच फेरविचार करायला लावणं, आणि त्याची मुदत पत्रावरच्या तारखेपासून एक महिना. उद्या सकाळी फोन करा. फोनवर वाद घालू नका. ‘निर्णय मान्य नाही, फेरविचार हवा, सविस्तर कारणं आणि पुरावे मागाहून पाठवतो, असेसरच्या (मुलाखत घेऊन गुण सुचवणाऱ्याच्या) रिपोर्टची प्रत पाठवा’ एवढंच सांगून तारीख पकडा. फोनवर मुलगा शेजारी हवा. तो सज्ञान आहे आणि ‘मी त्याची आई’ या वाक्याला तिथे काही किंमत नाही. त्याने ओळख पटवून ‘माझ्या वतीने आई बोलेल’ असं सांगितलं की पुढचं तुम्ही बोला. तसं सहीचं पत्रही पाठवून ठेवा. (मुदत चुकलेले लोक हे वाचत असतील तर सबळ कारण देऊन 13 महिन्यांपर्यंत विनंती करता येते. पण त्या भरवशावर राहू नका.)

फेरविचारात बहुतेक वेळा निर्णय जैसे थे राहतो. तसं पत्र आलं की खचू नका, ते अपीलच्या दाराचं तिकीट आहे.

आता तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य. तुम्ही लिहिलंय, ‘तसा तो घरात सगळं स्वतःचं स्वतः करतो, फक्त थोडं मागे लागावं लागतं.’ तुमचा अर्ज बहुतेक याच वाक्यावर फेटाळला गेलाय.

डीएलएच्या, म्हणजे पिपच्या आधीच्या भत्त्याच्या, काळापासून मी इथे हे काम करतोय आणि आपल्याकडच्या घरांतून आलेले फॉर्म लांबूनच ओळखू येतात. आई सकाळी तीनदा हाका मारून उठवते, टॉवेल बाथरूममध्ये ठेवते, ‘पाणी अंगावर घेतलंस की नुसता उभा होतास’ विचारते, बाहेर थंडी असेल तर टी-शर्टावर स्वेटर घालायला लावते, ताट वाढून समोर ठेवते, बसचा पास खिशात आहे ना बघते. आणि फॉर्मवर लिहिते, ‘मदत लागत नाही.’ कारण आपल्या मनात मदत म्हणजे नर्स. आपण करतो ते आईपण. आणि वडील? मुलाखतीच्या वेळी शेजारच्या खोलीतून ‘ही इज व्हेरी इंटेलिजन्ट’ असं ओरडून सांगणारे वडील मी स्वतः ऐकलेत. हुशारीचा आणि पिपचा काही संबंध नाही, तसा नोकरीचा किंवा उत्पन्नाचाही नाही. नोकरी करणाऱ्यालाही पिप मिळतं.

कायद्यात ‘प्रॉम्प्टिंग’ची व्याख्या आहे: दुसऱ्या माणसाने आठवण करून देणं, प्रोत्साहन देणं किंवा समजावून सांगणं. म्हणजे तुमचं ‘मागे लागणं’. त्याला गुण आहेत. आणि गुण अशा मदतीची गरज असल्याबद्दल मिळतात. ती मदत मिळते की नाही, आई करते की पगारी माणूस, हा प्रश्नच नाही.

हिशोब असा. डेली लिव्हिंगच्या दहा कृती आहेत, त्यांत 8 गुणांना साधा दर आणि 12 ला वरचा. मोबिलिटीच्या दोन कृती, तिथेही 8 आणि 12. 2025-26 मध्ये डेली लिव्हिंगचे आठवड्याला 73.90 किंवा 110.40 पौंड होते, मोबिलिटीचे 29.20 किंवा 77.05. प्रत्येक कृतीखाली किती मदत लागते याची वर्णनं आहेत. एका कृतीत एकच वर्णन लागू होतं, त्यातल्या त्यात सर्वांत जास्त गुणांचं. ते निम्म्याहून जास्त दिवस लागू असायला हवं. पिपच्या नियमावलीतल्या चौथ्या नियमाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. एखादं काम ‘येतं’ असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा ते सुरक्षितपणे, बऱ्यापैकी दर्जाने, लागेल तितक्या वेळा आणि इतरांना लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न घेता करता येतं. तुमचा मुलगा तुम्ही हाक मारल्याशिवाय दीड तास शॉवरखाली उभा राहत असेल तर त्याला आंघोळ ‘येत’ नाही.

तुम्हाला मिळालेले 4 गुण म्हणजे स्वयंपाकात प्रॉम्प्टिंगचे 2 आणि लोकांशी मिसळण्यात प्रॉम्प्टिंगचे 2. तुम्ही लिहिलेल्या तपशिलांवरून बघू.

आंघोळ: प्रॉम्प्टिंगला 2. कपडे: घालण्यासाठी किंवा हवामानाला योग्य ते निवडण्यासाठी प्रॉम्प्टिंग, 2. जानेवारीत हाफ चड्डीवर निघाला होता आणि तुम्ही दारातून परत आणलंत, ते उदाहरण इथलं. फॉर्मवर ते नव्हतंच.

स्वयंपाक: इथे प्रश्न साध्या, एकट्यापुरत्या, ताज्या भाज्या वगैरे घेऊन गॅसवर केलेल्या जेवणाचा आहे. मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करणं हा स्वयंपाक नव्हे. ‘यू कॅन कुक?’ विचारल्यावर तो ‘येस’ म्हणाला, कारण त्याला पास्ता उकळता येतो. ऑटिस्टिक माणूस प्रश्नाचं शब्दशः उत्तर देतो, आणि असेसरने पुढचा प्रश्न विचारला नाही. दोनदा गॅस चालू ठेवून तो खोलीत निघून गेला, एकदा टॉवेलने पेट घेतला, असं तुम्ही लिहिलंय. हे प्रॉम्प्टिंगच्या पलीकडचं आहे. शेजारी कुणी लक्ष ठेवून उभं राहणं गरजेचं असेल तर 4 गुण. ‘पण असं रोज थोडंच होतं?’ असं डीडब्ल्यूपी म्हणेल. अप्पर ट्रायब्युनलने 2017 मध्ये अपस्मार आणि बहिरेपणाच्या प्रकरणांत स्पष्ट केलंय की धोका रोज घडायला हवा असं नाही. तो घडण्याची खरी शक्यता आहे का आणि घडला तर इजा किती गंभीर, हे दोन्ही मिळून बघायचं. आग ही गंभीरच.

लोकांशी मिसळणं ही ऑटिझमच्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची कृती. प्रॉम्प्टिंगला 2, ‘सोशल सपोर्ट’ला 4, आणि तीव्र मानसिक त्रासामुळे मिसळताच येत नसेल तर 8. 2 आणि 4 मधला फरक काय, यावर वर्षानुवर्षं वाद होता. जुलै 2019 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एमएम प्रकरणात तो मिटवला. सोशल सपोर्ट म्हणजे प्रशिक्षित किंवा अनुभवी माणसाचा आधार, आणि त्याचं रूप नुसतं प्रॉम्प्टिंगचं असलं तरी चालतं. तो अनुभवी माणूस आई असू शकते. आधार त्याच क्षणी शेजारी बसून दिलेला असायलाच हवा असंही नाही. तेव्हा स्वतःला विचारा: दिवाळीला पाहुणे आले तेव्हा तो खोलीबाहेर आला कसा? तुम्ही आदल्या दिवशी कोण येणार, कुठे बसणार, किती वेळ, केव्हा उठून गेलं तर चालेल, हे सगळं त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. ते काम शेजारच्या काकूंना जमलं असतं का? नसतं. तर ते 4.

नाजूक जागा दोन. ‘जेवायला हाक मारावी लागते’ याला खाण्याच्या कृतीत तब्बल 4 गुण आहेत, पण तिथे कसोटी कडक आहे: हाक न मारल्यास तो खरंच उपाशी राहतो का? पालेभाजी खात नाही, रोज तेच खातो, याला गुण नाहीत. दुसरी, वाचन. गणितात मास्टर्स केलेल्या मुलाला मजकूर समजत नाही असं लिहू नका. एका ठिकाणी ताणलंत की पॅनेल बाकीच्यावरही शंका घेतं. तिथे शून्य राहू द्या. पैशाचा हिशोब वेगळा: त्याला सुटे पैसे बरोबर मोजता येतात, पण पगार आला त्या आठवड्यात मॉडेल रेल्वेवर उडाला आणि फोनचं बिल तुम्ही भरलंत, हे ‘कॉम्प्लेक्स बजेटिंग’, 2.

बेरीज करा. मी हात आखडता घेऊन मोजतोय तरी 14 होते. पॅनेलने स्वयंपाकात 2 च धरले आणि बजेट सोडून दिलं तरी 10.

बसचं काय? असेसरने लिहिलंय की तो एकटा कामावर जातो. जातो, एकाच बसने, एकाच वेळी, एकाच सीटवर. मोबिलिटीत वेगळं वर्णन आहे: अनोळखी प्रवासाचा रस्ता दुसऱ्या माणसाशिवाय धरता येत नाही, त्याला 10 गुण. रस्त्याचं काम चालू म्हणून बस वळवली, तो मधल्याच स्टॉपवर उतरून चाळीस मिनिटं उभा राहिला आणि तुम्ही गाडी घेऊन गेलात, ही एक घटना ‘तो प्रवासात घाबरतो’ अशा दहा वाक्यांहून मोलाची. अनोळखी ठिकाणी तो जातच नाही म्हणून प्रश्न उद्भवत नाही, असं नसतं. गेला असता तर काय झालं असतं, हे बघायचं. नुसती बेचैनी मात्र पुरत नाही. ‘ओव्हरव्हेल्मिंग’ शब्द आहे, म्हणजे माणूस पुढे सरकूच शकत नाही इतकं.

पुराव्याबद्दल लोक पहिल्यांदा जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, धावतात. जीपीने त्याला दोन वर्षांत दहा मिनिटं पाहिलंय. ‘याला ऑटिझम आहे’ या एका ओळीच्या पत्राचा उपयोग नाही, निदान कुणी नाकारलेलंच नाही. निदानाचा मूळ अहवाल मात्र पूर्ण वाचा. त्यात रोजच्या जगण्याबद्दल एकदोन परिच्छेद असतात आणि ते पहिल्या अर्जात कुणी अधोरेखित केलेले नसतात. विद्यापीठाच्या डिसॅबिलिटी ऑफिसने काय सवलती दिल्या होत्या? कामावरच्या मॅनेजरने मीटिंगमधून सूट दिली आहे का? ती दोन पत्रं मागवा. ‘मास्टर्स केलं’ या डीडब्ल्यूपीच्या मुद्द्याला खरं उत्तर त्यातच आहे.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. तुम्ही सहज लिहिलंय की तो हॉस्टेलवर असताना रोज सव्वासातला फोन करून उठवत होतात आणि दिवसभर मेसेज चालायचे. ‘आंघोळ केलीस का?’ ‘हो.’ ‘दात?’ ‘नंतर.’ ‘लेक्चर कितीला?’ ‘विसरलो.’ ताई, मास्टर्स त्याने केलं ते या दोरीवर. दोन वर्षांच्या मेसेजमधले तीन-चार सलग आठवडे निवडा, तारखा दिसतील असे छापा, शेजारी इंग्रजी भाषांतर द्या, खाली भाषांतर कुणी केलं ते लिहून सही करा. कुठल्याही पत्रापेक्षा हे बोलकं असतं, कारण हे लिहिताना तुमच्या डोक्यात पिप नव्हतं. आत्तापासूनची आठवडाभराची रोजनिशीही ठेवा, पण एक ध्यानात घ्या: ट्रायब्युनल निर्णयाच्या तारखेला काय स्थिती होती ते बघतं. रोजनिशीवर ‘तेव्हाही असंच होतं’ हे लिहिलेलं हवं.

हे सगळं लिहिताना मुलगा घरातच असतो, हे विसरू नका. पंचवीस वर्षांच्या माणसाने आपल्याला काय काय येत नाही याची आठ पानी यादी वाचायची, आणि ती आईच्या हातची, हे सोपं नाही. एका घरात मुलाने ती पानं फाडून टाकली होती आणि मला त्यात त्याची चूक वाटली नाही. त्याला आधी सांगा की आपण तुझी मदत मोजतोय, तुला नाही. त्याच्याकडूनही लिहून घ्या. बरेचदा तो तुमच्यापेक्षा नेमकं लिहितो. त्याचे व्यवहार तुमच्या नावावर घेणारी ‘अपॉइंटी’ची व्यवस्था इथे मागू नका. तो आपले निर्णय घेऊ शकतो, त्याला बोलणारा माणूस हवाय एवढंच. अपीलमध्ये तुम्ही त्याच्या प्रतिनिधी व्हा, आणि साक्षीदारही तुम्हीच होऊ शकता.

फेरविचाराचं पत्र आलं की त्या तारखेपासून पुन्हा एक महिना. अपीलचा एसएससीएस 1 हा फॉर्म किंवा ऑनलाइन अर्ज, फी नाही. ‘पेपर हिअरिंग’, म्हणजे नुसत्या कागदांवर निकाल, निवडू नका. सुरुवातीच्या काळात एका ऑटिस्टिक मुलीच्या केसमध्ये ‘तिला बोलायचा त्रास नको’ म्हणून मी कागदांवरच निकाल मागितला आणि हरलो. पॅनेलला विचारायचे होते ते प्रश्न कुणाला विचारणार होते? तेव्हापासून समोर, व्हिडिओवर किंवा फोनवर, पण सुनावणी घ्यायचीच. फॉर्मवरच सवलती मागा: एका वेळी एकच प्रश्न, मधे विश्रांती, उत्तराला वेळ, कॅमेऱ्यात बघायची सक्ती नाही. तुम्हाला स्वतःला इंग्रजीत साक्ष द्यायला जड जात असेल तर मराठी दुभाषी मागा, तो मोफत मिळतो.

समोर तिघं असतात: न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य. हे डीडब्ल्यूपीचे लोक नाहीत. डीडब्ल्यूपीचा माणूस बरेचदा येतही नाही. मुलाला प्रश्न थेट विचारले जातील आणि तो ‘येस’ म्हणेल. तेव्हा आत उडी मारू नका. तुमची पाळी आली की शांतपणे सांगा, ‘तो येस म्हणाला. कालची गोष्ट सांगते.’ आणि कालची गोष्ट सांगा. ‘लोकांना कळेल का, पुढे लग्नाचं वगैरे’ असं तुम्ही कंसात लिहिलंय म्हणून सांगतो: सुनावणीच्या खोलीत बाहेरचं कुणी बसलेलं मी क्वचितच पाहिलंय.

सुनावणीच्या आधी डीडब्ल्यूपीचा फोन येऊ शकतो, ‘आम्ही साधा दर द्यायला तयार आहोत, चालेल का?’ हा फोन मुलाला आला तर तो काय म्हणेल ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून फोन प्रतिनिधीलाच करा असं आधीच लेखी कळवा. देऊ केलेलं योग्य वाटलं तर घ्या, नसेल तर ‘अपील चालू ठेवायचंय’ म्हणा. त्यांनी निर्णय तुमच्या बाजूने बदलला तर हे अपील संपतं, पण नव्या निर्णयावर पुन्हा अपील करता येतं. हरलात तर महिन्याभरात निकालाची लेखी कारणं मागवायची. त्यात कायद्याची चूक असेल तरच पुढे अप्पर ट्रायब्युनल. ते वकिलाचं किंवा सल्लागाराचं काम. त्याआधीसुद्धा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था किंवा तुमच्या कौन्सिलच्या वेल्फेअर राइट्स टीमला गाठा, सुनावणीला सोबत येणारं कुणी मिळालं तर उत्तम.

व्हिसाबद्दल. तुम्ही सगळे नागरिक आहात, त्यामुळे प्रश्न नाही. पण हे वाचणाऱ्या ज्या घरांत मुलाच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) लिहिलंय त्यांनी अर्जच करू नये, पिप त्या भत्त्यांच्या यादीत आहे. आधी इमिग्रेशनच्या सल्लागाराला विचारा. तसंच गेल्या 156 आठवड्यांतले 104 आठवडे मुलगा इथे राहिलेला हवा. आजीकडे पुण्याला वर्ष-दीड वर्ष राहून आलेली मुलं इथे अडकतात. स्कॉटलंडला राहणाऱ्यांसाठी पिपऐवजी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, फेरविचाराला मुदत 42 दिवस, वर्णनं जवळपास तीच.

डेली लिव्हिंग मंजूर झालं तर तुम्ही स्वतः केअरर्स अलाउन्सचा, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणाऱ्या भत्त्याचा, विचार करा. आठवड्याला 35 तास काळजी घेत असाल आणि कमाई मर्यादेत असेल तर मिळतो. तास मोजायला बसाल तेव्हा सव्वासातच्या हाकेपासून सुरू करा.

आणि तुम्ही नवीन फोन घेणार असल्याचं लिहिलंय. जुना फोन देऊन टाकण्याआधी त्या चॅटचा बॅकअप घ्या.